वाचक विचारतात : दुर्बीण बारा पटीची, पण पक्षी नाचतोय!

या महिन्यात पत्रं सगळी दुर्बिणीचीच आलीत. थंडी पडली, हिप्परगा तलावावर पट्टकदंब, म्हणजे थंडीतले पाहुणे हंस, उतरले की दरवर्षी असंच होतंय, कुणाच्या तरी हातातली दुर्बीण बघून दुसऱ्याला पण घ्यावीशी वाटते. चार पत्रं निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. रोज सकाळी कंबर तलावाला चक्कर आणि रविवारी मित्राच्या गाडीवर हिप्परगा. पक्ष्यांचा नाद लागलाय आता. पोराने वाढदिवसाला १२×२५ ची दुर्बीण दिली, शर्टच्या खिशात मावते, पण डोळ्याला लावली की पक्षी नाचायलाच लागतो. मला अशीच छोटी, पॉवर जास्त, पण न हलणारी पाहिजे. मिळते का? मित्र म्हणतोय २०×५० घे आणि स्टँड लाव. चालायला जाताना स्टँड कुठं वागवू?

उत्तर : काका, स्टँड वागवू नका आणि २०×५० तर अजिबात घेऊ नका. पोरावर पण चिडू नका, त्याने दुकानात मोठा आकडा बघितला आणि बापासाठी घेतली, आपण सगळे हेच करतो.

आधी बारा पट म्हणजे काय ते बघू. तलावात १२० मीटरवर शेकाट्या उभा असेल तर बारा पटीत तो १० मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि आठ पटीत १५ मीटरवर असल्यासारखा. म्हणजे फरक १० आणि १५ चा, वाटतो तेवढा मोठा नाही. पण दुर्बीण पक्ष्याला जेवढी मोठी करते तेवढीच तुमच्या हाताच्या थरथरीला पण मोठी करते. आठ पटीत ती आठपट, बारात बारापट. हात कुणाचाच दगडासारखा स्थिर नसतो, आपण श्वास घेतो, छाती धडधडते, त्यात तुम्ही तलावाला अर्धी चक्कर मारून थांबलेले असता. हातात धरून बघायचं तर बहुतेक लोकांची मर्यादा दहा पटीपर्यंतच, आणि ते पण जरा वजनदार दुर्बिणीत. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण एकदम हलकी दुर्बीण जास्त हलते, ६०० ग्रॅमची हातात जशी बसते तशी ३०० ग्रॅमची बसत नाही.

त्यात २५ चा आकडा. तो पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. २५ ला १२ ने भागा, साधारण २.१ येतं. डोळ्यापाशी उजेडाचा जो गोल येतो तो एवढाच, २.१ मिलिमीटरचा. भर उन्हात आपली बाहुली पण दोन-तीन मिलिमीटरची होते म्हणून तेव्हा चालून जातं. पण डिसेंबरात सकाळी सव्वासहा-साडेसहाला तुम्ही कंबर तलावाला पोचता तेव्हा बाहुली मोठी झालेली असते आणि दुर्बीण तिला दोनच मिलिमीटरचा उजेड देते. चित्र काळपट दिसतं, आणि गोल एवढुसा असल्यामुळे हात जरा सरकला की चित्रच गायब. तुम्हाला "नाचतोय" वाटतं त्यातला निम्मा त्रास हा पण असणार बघा.

आता तुमचा खरा प्रश्न, न हलणारी मिळते का. मिळते. इमेज स्टॅबिलायझेशन म्हणतात त्याला, लोक नुसतं आयएस म्हणतात. आत बारके सेन्सर असतात, हात कुठं किती हलला ते ओळखतात, आणि आतलं भिंग किंवा प्रिझम उलट्या दिशेला तेवढंच वळतं. कॅननने १९९५ मध्ये १२×३६ ची अशी दुर्बीण काढली. त्यांच्या त्या डिझाइनमध्ये दोन काचांच्या मध्ये भात्यासारखी घडी असते, तिच्यात तेलासारखा द्रव भरलेला, काचांचा कोन जरासा बदलला की उजेड वळतो. त्याच्या आधी झाइसची २०×६० होती, सेलशिवाय चालणारी, सगळं मेकॅनिकल, पण वजन दीड किलोच्या वर. ती गळ्यात घालून कंबर तलावाला चक्कर मारली तर घरी आल्यावर मान शेकत बसायला लागेल.

मी पहिल्यांदा आयएसवाली डोळ्याला लावली ती हिप्परग्यावर, ओळखीच्या एका डॉक्टरांची होती, १०×३०. काठापासून लांब पट्टकदंबांचा थवा बसलेला. बटण दाबायच्या आधी नुसती राखाडी गिचमीड, त्यात कुठंतरी डोकी हलताहेत. बटण दाबलं आणि चित्र एकदम, कसं सांगू, हंडीतलं पाणी निवळतं तसं निवळलं. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसल्या, चोचीचं पिवळं दिसलं, आणि एकाची मान चिखलाने बरबटलेली होती ते पण. मंगोलियात अभ्यासकांनी गळ्यात पट्टा घातलेले पट्टकदंब भारतात येतात, त्या पट्ट्यावर अक्षर-आकडे असतात. तसलं काही वाचायचं तर हात थांबल्याशिवाय जमतच नाही, पॉवर कितीही असू दे. त्या दिवशी पट्टेवाला एकपण नव्हता, पण असता तर वाचला असता एवढी खात्री पटली.

मग घ्यायची कुठली. चालायला आणि पक्ष्यांना बरी म्हणून मला कॅननची १०×३० आयएस टू पटते. ६०० ग्रॅम, दोन पेन्सिल सेलवर चालते, ते आपल्याकडे पानटपरीवर पण मिळतात, हा मुद्दा लहान वाटतो पण लहान नाही. उजेडाचा गोल ३ मिलिमीटर, म्हणजे तुमच्यापेक्षा बरा. बारा पटच पाहिजे असा हट्ट असेल तर १२×३६ आयएस थ्री, ६६० ग्रॅम, गोल तेवढाच, ३ चा. दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत, पावसाळ्यात सांभाळायला लागतात. वॉटरप्रूफ पाहिजे तर १०×४२ एल आहे, चित्र अप्रतिम, पण वजन १.१ किलोच्या आसपास, तुमच्या चालण्याला नको. आणि खिशातच मावली पाहिजे असं असेल तर कॅननची १०×२० आणि निकॉनची १०×२५, १२×२५ अशा स्टॅबिलाइज्ड आल्यात, साधारण ४०० ग्रॅमच्या. थरथर थांबते, पण पहाटेच्या उजेडाचं रडगाणं तेच राहतं, कारण भिंगच छोटं. ऊन वर आल्यावर बाहेर पडणाऱ्यांना ठीक.

किंमत मात्र ऐकून बसाल. चांगल्या साध्या ८×३२ च्या कितीतरी पट. म्हणून मी लगेच घ्या म्हणत नाही.

आयएसला काय जमत नाही ते पण ऐका. भिंगऱ्या पाण्यावरून झपझप उडतात, त्यांच्या मागं दुर्बीण फिरवली तर चित्र तरंगल्यासारखं, मागं ओढल्यासारखं वाटतं, तेव्हा बटण बंद ठेवायचं. पक्षी स्वतः हलतोय ते ती थांबवणार नाही, हे लिहायला नको, पण एका वाचकाने खरंच विचारलंय. आणि आपल्या सोलापूरची खरी अडचण, ऊन. मार्चनंतर नान्नजच्या माळावर नऊ-साडेनऊला जमिनीवरून हवा लहरायला लागते, चुलीच्या वर दिसते तशी. त्याला कुठलं स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही, उलट जेवढी पॉवर जास्त तेवढ्या लहरी मोठ्या. तिथं आठ पट काय, बारा काय, धाविक पक्षी आणि ढेकूळ सारखंच दिसतं. उपाय एकच, उजाडायला पोचा आणि लहरी सुरू झाल्या की डबा उघडा.

नान्नजवरून आठवलं. बऱ्याच वर्षांमागं मी एका दुकानातून १०-३०×५० झूम दुर्बीण घेतली होती, दुकानदार म्हणाला मॅडम तीस पट, चंद्रावरचे खड्डे दिसतील. ती घेऊन मोठ्या ऐटीत माळढोक बघायला गेले. १९७९ सालचं अभयारण्य आपलं, शहरापासून वीस-एक किलोमीटर, आणि माळढोक तेव्हा पण सहज दिसत नव्हता, आता तर दिसला तर नशीबच. लांब ज्वारीच्या कडेला काहीतरी उभं, खाली तपकिरी, वर पांढरं. तीस पटीला नेलं. चित्र लडबडतंय, डोकं दुखायला लागलं, पण मी दहा मिनिटं हलले नाही, सगळ्यांना खुणावून गप्प बसवलं. मग तो माळढोक उठला, त्याने बिडी पेटवली आणि चालायला लागला. पांढरा पटका बांधलेले आजोबा होते, घोंगडं पांघरून बसलेले. त्यानंतर मी झूम दुर्बिणीच्या वाटेला गेले नाही. दोन्ही नळ्यांचा झूम बारीकसा मागंपुढं झाला तरी दोन डोळ्यांना दोन आकाराचे पक्षी दिसतात आणि डोकं धरतं, आणि बघायचा पट्टा पण अरुंद होतो.

तर काका, पैसे खर्च करायच्या आधी आठ दिवस एवढं करा. दुर्बीण मागं डोळ्यापाशी धरू नका, जरा पुढं, भिंगाकडच्या टोकाला धरा. कोपरं बरगड्यांना टेकवा, पसरू नका. टोपी घालत असाल तर दोन्ही तर्जन्या टोपीच्या कडेवर टेकवा, कपाळ, टोपी आणि दुर्बीण एकजीव होतात, याने जो फरक पडतो तो करून बघितल्याशिवाय पटणार नाही. श्वास अर्धा सोडून थांबा, मग बघा. काठी नेत असाल तर तिच्या मुठीवर डावी मूठ आणि त्यावर दुर्बीण. झाड दिसलं तर खुशाल टेका, कठडा दिसला तर बसून त्यावर कोपरं ठेवा. मी जुन्या टर्किश टॉवेलची पिशवी शिवलीय, टॉवेलला आपल्या गावात काय तोटा, तिच्यात किलोभर ज्वारी भरलीय, कठड्यावर ठेवली आणि वर दुर्बीण ठेवली की स्टँडचं काम होतं. पावसाळ्यानंतर ज्वारी बदलायची मात्र, मी विसरले तर एक दिवस पिशवीतून किडे निघून दुर्बिणीवर फिरत होते.

हात जर चहाचा कप धरताना पण थरथरत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा दुर्बिणीच्या दुकानाआधी डॉक्टरकडे जा.

एवढं करून पण समाधान नाही झालं तर माझं मत, साधी ८×३२ घ्या. ३२ भागिले ८ म्हणजे ४, उजेड जवळजवळ दुप्पट रुंदीच्या गोलातून येतो, बघायचा पट्टा पण रुंद, त्यामुळे झाडीत हललेला पक्षी चटकन सापडतो. वजन अर्धा किलोच्या आसपास. बाराची छोटी फेकू नका, ज्वारीच्या पिशवीवर ठेवून ती छान चालेल. आणि वर्षभराने नाद टिकला, हाताशी पैसे असले, तर १०×३० आयएस. घ्यायच्या आधी ज्याच्याकडे आहे त्याची मागून तलावावर बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात. आणि हो, गळ्यातला पट्टा बारीक असेल तर काढून टाका, दोन खांद्यांवरून पाठीत फुली पडते तसला पट्टा घ्या, मानेवरचं ओझं गेलं की हात पण कमी हलतो.

प्रश्न : माझ्या खिडकीबाहेर जास्वंद आहे, शिंजीर रोज येतात. चष्मा आहे, काढला तर लांबचं दिसत नाही. भावाची आयएसवाली दुर्बीण आणून बघितली, तर शिंजीर धूसरच. दुर्बीण बिघडलीय का? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : बिघडली नाही हो. ती जवळचं बघायला केलेलीच नाही. १०×३० आयएस टू साधारण ४.२ मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही, १२×३६ तर ६ मीटरच्या. तुमची जास्वंद खिडकीपासून फार तर दोन मीटर असणार. घेताना "क्लोज फोकस" किती ते विचारायचं, चांगल्या ८×४२ दोन मीटरच्या आसपास येतात. खिडकीपुरतीच पाहिजे असेल तर पेंटॅक्सची पॅपिलिओ ६.५×२१ बघा, ती अर्ध्या मीटरवरचं दाखवते. फुलपाखरांसाठीच तिचं नाव आहे, शिंजिराच्या गळ्यावरचा जांभळा-हिरवा रंग मी तिच्यातून बघितलाय, बघत बसले आणि भात लागला.

चष्म्याचं म्हणाल तर चष्मा काढायचा नाही. डोळ्याजवळचे रबरी कप खाली करायचे, आणि दुर्बिणीचा आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून जेवढा लांब ठेवून पण पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५-१६ मिलिमीटर किंवा जास्त असेल अशीच घ्यायची, नाहीतर चित्र भोकातून बघितल्यासारखं दिसतं. अजून एक, उजव्या डोळ्यापाशी एक रिंग असते, लोक तिला हातच लावत नाहीत. आधी उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने फोकस करा, मग डावं झाकून उजव्याने फक्त त्या रिंगेने करा. एकदा केलं की आपल्या डोळ्यांपुरतं झालं, आकडा लक्षात ठेवा कारण भाऊ परत नेणार आणि फिरवणार.

प्रश्न : ऑनलाइन ९०×९० ची दुर्बीण अगदी स्वस्तात दिसतीय, लाल चकचकीत काच, फोटोत वाघ एकदम जवळ. घेऊ का? कॉलेजला आहे, बजेट कमी. (विजापूर रोड)

उत्तर : बाळा, ती काच आपल्या गड्ड्याच्या जत्रेत पण मिळते, जानेवारीत होम मैदानावर जा, दाखवतील. लहान भावाला घे हवी तर.

आकडा खरा की खोटा ते घरी तपासता येतं, पट्टी घे फक्त. दुर्बीण उजेडाकडे करून हात लांब धर आणि डोळ्याकडच्या बाजूने बघ, काचेत मध्ये एक उजळ गोल दिसेल. तो पट्टीने मोज. पुढच्या भिंगाचा व्यास पण मोज. भिंगाला गोलाने भागलं की खरी पॉवर. मावसभावाकडे अशीच "५०×५०" लिहिलेली होती, भिंग भरलं ५० आणि गोल ५ मिलिमीटर, म्हणजे पॉवर दहा. पन्नास असती तर गोल एकच मिलिमीटरचा निघाला असता आणि त्यातून काहीच धड दिसलं नसतं, म्हणजे खोटं लिहिलं ते एका अर्थी बरंच झालं! आणि ९० मिलिमीटरचं भिंग म्हणजे जवळजवळ बशीएवढं, फोटोतल्या माणसाच्या तळहातात ती अख्खी दुर्बीण मावतीय, यातच काय ते समज.

तोच गोल नीट बघ, पूर्ण गोल आहे की कडा कापल्यासारखा चौकोनी, कापलेला असेल तर आत स्वस्तातले प्रिझम. भिंगावर हिरवट-जांभळी झाक असेल तर ठीक, आरशासारखं लालभडक असेल तर ठेवून दे, ती काच लाल उजेड परत फेकते आणि आत चित्र निळसर, थंड येतं. बजेट कमी असेल तर जुनी ८×३० किंवा ७×३५, दोन खांदे असलेली मोठ्या अंगाची असते ती, पोरो म्हणतात, सेकंड हँड बघ. घेताना लांबच्या विजेच्या खांबाकडे मिनिटभर बघ, एक खांब दोन दिसत असेल किंवा डोळे ओढल्यासारखे वाटत असतील तर नळ्या सरळ नाहीत, फुकट दिली तरी घेऊ नको.

प्रश्न : दुर्बिणीच्या काचेवर धूळ फार बसते, रुमालाने पुसली तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक माती, वाळू, रुमालाने घासली की कोटिंगवर ओरखडे. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रशने झटका, शेवटी चष्म्याच्या कापडाने हलक्या हाताने. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. उपरणं, साडीचा पदर, शर्टाचं टोक, तिन्ही बाद. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि आयएसवाली पावसाळ्यात कपाटात ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, माझ्या टॉर्चमध्ये ते पाझरून हिरवी पावडर झाली होती, दुर्बिणीत झाली असती तर मी आजारीच पडले असते.